उघडल्यावर बघू

मिस्त्रींनी यादी केली ती स्पेअरच्या दुकानाच्या एका बिलामागे, पेन्सिलने. रेडिएटर उतरवून धुणे, ब्रेकचा मास्टर सिलिंडर, चारी चाकांची रबरे, थर्मोस्टॅटपाशी ठिबकणारे पाणी आणि फाटलेला सायलेन्सर, अशी पाच कामे त्यांनी एकाखाली एक लिहिली, प्रत्येकासमोर रक्कम मांडली, खाली ३८,४०० अशी बेरीज केली आणि बेरजेच्या रेघेखाली आणखी दोन शब्द लिहिले: ‘उघडल्यावर बघू’. बेरीज मी दोनदा तपासली. त्या दोन शब्दांवरून मात्र माझी नजर, पत्राच्या शेवटी येणाऱ्या ‘कळावे, लोभ असावा’वरून जावी तशी, सहज पुढे गेली. गाडी तीन आठवड्यांत मिळेल असे आमचे ठरले होते. ती मिळाली चौदा महिन्यांनी, आणि त्या चौदा महिन्यांतला बहुतेक काळ बेरजेच्या खालच्या त्या दोन शब्दांनीच खाल्ला.

गाडी १९७९ सालची प्रीमियर पद्मिनी, अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. घरात तिला पद्मिनी असे कोणी कधी म्हटले नाही. ती ‘फियाट’च राहिली, आणि त्यात फारसे चूकही नव्हते. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली, तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाटच्या परवान्याने गाड्या बनू लागल्या, आणि त्यांतली नाकाडावरून ‘डुक्कर फियाट’ हे नाव पडलेली गाडी आजही आमच्या पिढीच्या आठवणीत आहे. पुढे १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट आली, आणि तीच गाडी १९७४ पासून चितोडच्या राणीचे नाव लावून पद्मिनी झाली. नाव बदलले तरी आतले १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, स्टिअरिंगखालचा गिअर आणि समोरचे सलग बाकासारखे आसन तेच राहिले. त्या काळी नुसता पैसा असून भागत नसे. नोंदणी करून वर्षानुवर्षे नंबराची वाट पाहावी लागे. अण्णांची पाळी आली तेव्हा मी चौथीत होते, आणि गाडी दारात आली त्या दिवशी आईने आधी तिच्या चाकांखाली लिंबे ठेवली आणि मगच अण्णांना दारातून आत घेतले.

अण्णांचा दवाखाना रत्नागिरीत होता आणि पेशंट पावसपासून जयगडपर्यंत पसरलेले. गाडी सगळे आयुष्य खाऱ्या वाऱ्यात, चार महिन्यांच्या मुसळधार पावसात आणि तांबड्या मातीच्या चिखलात फिरली, आणि अण्णांचे वय झाल्यावर आंब्याखालच्या पत्र्याच्या शेडमध्ये दहा-बारा वर्षे नुसती उभी राहिली. ते गेल्यानंतर घर आवरताना तिचे काय करायचे, हा प्रश्न आला. भंगारवाला दारात येऊन गेला होता. मी तिला ट्रकवर घालून आंबा घाटाने पुण्याला आणले आणि नवऱ्याला सांगितले की पाच छोटी कामे आहेत.

पहिला धक्का रेडिएटरने दिला. रेडिएटरवाल्याने तो रसायनात उकळून स्वच्छ केला, आतून साचलेला थर निघाला, तांब्याची मूळची झळाळी दिसू लागली, आणि पाणी भरताच सात ठिकाणांहून बारीक चिळकांड्या उडाल्या. मी अर्थातच त्याच्यावर डाफरले, कारण देताना रेडिएटर गळत नव्हता. तो शांतपणे म्हणाला, ‘‘ताई, पाणी धरून ठेवलं होतं ते घाणीनं. मी घाण काढली.’’ त्या वेळी मला ही सबब वाटली. पुढच्या वर्षभरात हेच वाक्य मी निरनिराळ्या तोंडांतून, निरनिराळ्या भागांबद्दल इतक्या वेळा ऐकले की सबब म्हणून त्याकडे पाहणे मी सोडून दिले. जुन्या इंजिनात साचलेला तेलाचा चिकट गाळ धुऊन काढला की कडक झालेली ऑइल सीले गळू लागतात. ब्रेकचा नवा मास्टर सिलिंडर बसवला की त्याचा पुरा दाब पहिल्यांदाच चाकांपर्यंत पोचतो, आणि तिथे इतकी वर्षे कमी दाबावर तग धरून असलेले व्हील सिलिंडर आणि रबरी होज एकामागून एक हात टेकतात. आमच्याकडे हे सगळे याच क्रमाने झाले. साखळीतली सर्वांत कच्ची कडी बदलली की साखळी पक्की होत नाही. तिच्याखालोखाल कच्च्या असलेल्या कडीची पाळी येते, एवढेच.

रेडिएटरपाठोपाठ थर्मोस्टॅटचे काम होते, यादीत ज्याच्यासमोर ६०० रुपये लिहिले होते ते. एक झाकण काढायचे, आतला थर्मोस्टॅट बदलायचा, नवे गॅस्केट लावून झाकण बंद करायचे. मी त्या दिवशी गॅरेजमध्येच होते. झाकणाचा एक बोल्ट निमूटपणे बाहेर आला. दुसऱ्याला मिस्त्रींनी पाना लावला, जरासा जोर दिला, थांबले, पुन्हा उलट्या दिशेने किंचित फिरवून पाहिले, आणि मग एक अगदी मऊ, जवळजवळ सभ्य म्हणता येईल असा ‘टक्’ आवाज झाला. बोल्टचे डोके पान्यात राहिले आणि धड आत. मिस्त्रींनी ते डोके तळहातावर घेऊन माझ्यापुढे धरले. तुटलेल्या कडेला मधे गव्हाच्या दाण्याएवढी जागा चकाकत होती आणि भोवतीचा सगळा भाग तपकिरी होता; म्हणजे बोल्ट खरा केव्हाच तुटला होता, उरलेल्या दाण्याएवढ्या पोलादावर तो आजवर झाकण धरून होता.

या इंजिनाचे हेड, म्हणजे सिलिंडरांच्या तोंडावर बसणारा वरचा भाग, अ‍ॅल्युमिनियमचे आहे आणि त्यात बसणारे बोल्ट पोलादी. दोन निराळे धातू एकमेकांना चिकटून ठेवले आणि मधे पाण्याचा ओलावा आला की त्यांच्यात बॅटरीसारखाच एक मंद व्यवहार सुरू होतो, ज्यात अ‍ॅल्युमिनियम स्वतःला खाऊन घेते आणि त्याची पांढरी भुकटी होते. ही भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा मागते, म्हणून ती बोल्टभोवती ठासून बसते, आणि चाळीस वर्षांनी बोल्ट कोणता आणि हेड कोणते हा फरक फक्त कागदावर उरतो. तुटलेले धड काढण्यासाठी मिस्त्रींनी मधोमध ड्रिल धरले. पोलाद कठीण आणि अ‍ॅल्युमिनियम मऊ, त्यामुळे ड्रिलचे टोक सोप्या बाजूला सरकले. भोक तिरके गेले, आटे गेले. आता हेड उतरवून मशीनवर न्यायचे याखेरीज मार्ग नव्हता, आणि हेड उतरवायचे म्हणजे ६०० रुपयांच्या त्या ओळीला पुढे किती शून्ये लागणार हे मिस्त्रींना माहीत होते, मला नव्हते. ते फक्त म्हणाले, ‘‘उघडल्यावर बघू.’’

हेड नऊ दिवस निघाले नाही. रोज सकाळी बोल्टांच्या कडेने डिझेल आणि रॉकेलचे मिश्रण सोडायचे, संध्याकाळी लाकडाचा ठोकळा धरून हलक्या हाताने चारी बाजूंनी ठोकायचे, पुन्हा डिझेल सोडायचे, असा तो नित्यनेम झाला. घाई करून पहार घातली असती तर हेड एका दिवसात निघाले असते आणि भंगारात गेले असते. निघाल्यावर त्यावर सरळ पट्टी ठेवून खालून फट मोजायच्या फिलर गेजचे पाते सरकवले, तेव्हा मधे हेड किंचित बसल्याचे, म्हणजे वाकल्याचे दिसले. कधीतरी पाण्यावाचून तापल्याची ती खूण. मग फेसिंग, म्हणजे हेडचा तळ मशीनवर घासून सपाट करणे, आले. फेसिंगला जाईपर्यंत व्हॉल्व्ह काढलेलेच होते, तर त्यांच्या सीटा, म्हणजे व्हॉल्व्ह ज्यांवर टेकतात त्या कडा, खोल गेलेल्या आढळल्या. या इंजिनाचा आराखडा झाला तेव्हाच्या पेट्रोलमध्ये शिसे असे आणि ते व्हॉल्व्ह व सीट यांच्या मधे गादीसारखे काम करी. २००० सालापासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले, ते आपल्या फुप्फुसांसाठी योग्यच झाले, पण जुन्या सीटांची ती गादी गेली. सीटा बदलल्या.

एवढ्यावर थांबता आले असते. पण हेड निघाल्याने सिलिंडर आता आभाळाकडे तोंड करून उघडे होते, आणि मिस्त्रींनी मला बोट आत घालून नखाने वरची कड चाचपायला सांगितले. नख अडकले. पिस्टन जिथपर्यंत येतो तिथपर्यंत भिंत झिजलेली आणि त्याच्या वरची दोन-तीन मिलिमीटरची पट्टी न झिजलेली, त्यामुळे मधे एक बारीक पायरी तयार झालेली असते. माप घेतले. मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ६८ मिलिमीटरचे, आमचे ६९च्याही पुढे भरले. ‘‘हे आधी एकदा रिबोअर झालंय, ताई. मोठा पिस्टन आहे आत.’’ मी ठामपणे सांगितले की नाही, इंजिनाला कधी हात लागलेला नाही, अण्णांना त्याचा केवढा अभिमान होता. रात्री आईला फोन केला. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, ‘‘अठ्ठ्याऐंशी साली दोन महिने कोल्हापूरला होती खरी गाडी. पण ती रंगाला दिली होती. मला तर तेच सांगितलं होतं त्यांनी.’’

अण्णा खोटे बोलणारे गृहस्थ नव्हते. पेशंटची उधारीसुद्धा ते वहीत लिहीत नसत, कारण लिहिली की मागावी लागेल. त्यांनी रंगाच्या नावाखाली आख्खे इंजिन रिबोअर करून घेतले आणि छत्तीस वर्षे ते पचवले, हे कळल्यावर मला आधी हसू आले आणि मग जरा हायसे वाटले, कारण त्याच आठवड्यात मी नवऱ्याला सांगितलेला आकडा खऱ्या आकड्याच्या निम्मा होता.

आता आणखी मोठा पिस्टन घालण्याएवढी भिंत उरली नव्हती, म्हणून चारी सिलिंडरांत लायनर, म्हणजे नव्या भिंतीच्या नळ्या, ठोकून माप पुन्हा ६८वर आणले. म्हणजे इंजिन कुर्ल्याहून निघाले तेव्हाच्या मापाला परत गेले. ते पहिल्यांदा सुरू झाले तेव्हा मिस्त्रींच्या पोराने आनंदाने शिट्टी मारली. आणि पहिल्याच चढावर क्लच घसरला. जुन्या, दम गेलेल्या इंजिनाला ती क्लच प्लेट पुरेशी होती, नव्या ताकदीला पुरेना. गिअरबॉक्स उतरला. त्याबद्दल सविस्तर लिहीत नाही, कारण त्या दिवसापर्यंत मी प्रश्न विचारणे सोडून दिले होते.

पत्र्याची कथा मात्र सांगायला हवी. ब्रेकचा पाइप मागच्या चाकांकडे जातो त्याची एक क्लिप सैल होती, ती बघण्यासाठी डेंटरचाचांनी ड्रायव्हरच्या पायाखालचे मॅट उचलले. मॅटखाली जाड डांबराचा थर, डांबराखाली एक चौकोनी पत्रा, चारी कडांनी रिव्हेट मारलेला. छिन्नीने तो उचकटून त्यांनी उलटा केला, रॉकेलच्या बोळ्याने पुसला, तेव्हा दुसऱ्या बाजूला छापील अक्षरे वर आली. पोस्टमन तेलाच्या पंधरा किलोच्या डब्याची ती बाजू होती. आमच्या स्वयंपाकघरात तसे डबे धुऊन पुसून गहू, तांदूळ आणि कोकमे ठेवायला वापरले जात, आणि त्यांतला एक कापून अण्णांनी, बहुधा रविवारी दुपारी आम्ही झोपलेले असताना, आपल्या पायाखालचे भोक बुजवले होते. रिव्हेट एका रेषेत नव्हते. टाके घालताना त्यांचा हात सरळ चाले, हे मला ठाऊक आहे. पत्र्यावर तो चालला नव्हता.

डब्याच्या पत्र्याखाली जे भोक निघाले त्यातून खालची जमीन दिसली, आणि भोकाची कड बोटाने दाबली की चकलीसारखी मोडत होती. मी म्हटले, मोठा पत्रा कापून वेल्ड करा. डेंटरचाचांनी मान हलवली. आपल्या जीपला किंवा ट्रकला खाली वेगळी चासी असते, तिच्यावर बॉडी नुसती बसवलेली असते. पद्मिनीला तशी वेगळी चासी नाही, तळाचा पत्रा आणि दारांखालच्या दोन पोकळ पेट्या मिळूनच गाडीचा कणा होतो. त्यांनी मला काही समजावण्याऐवजी जॅक आणला, गाडीच्या मधल्या भागी लावून चारसहा बोटे उचलली आणि म्हणाले, ‘‘आता दार लावा.’’ मी ड्रायव्हरचे दार लावले. ते लागेना. खटका आपल्या खाचेच्या अंगठाभर वर येऊन थांबत होता. गाडी मधोमध वाकत होती. जॅक खाली घेतला, दार लागले.

त्या दाराखालची पेटी बाहेरून ठणठणीत दिसत होती, कारण तिच्यावर लांबीचा, म्हणजे डेंटर लोक खड्डे भरायला वापरतात त्या लगद्याचा, एक सुबक थर होता. चुंबक लावला तर चिकटेना. ग्राइंडर फिरवल्यावर थराखालून वर्तमानपत्राचे बोळे निघाले, आणि बोळ्यांमागे पोकळी. हे कोणी आणि कधी केले ते मला ठाऊक नाही आणि अण्णांच्या माथी ते मारण्याची माझी इच्छा नाही. खारा वारा, दारातल्या काचेच्या रबरातून झिरपणारे पाणी आणि पाणी बाहेर जाण्यासाठी ठेवलेल्या भोकांत बसलेली तांबडी माती, एवढ्या तिघांना वीस पावसाळे पुरेसे असतात. पेट्या कापण्याआधी दारांच्या चौकटीत आडवे लोखंडी अँगल वेल्ड करून गाडी जखडली, नाहीतर पेटी काढताच ती आपल्याच वजनाने वाकली असती आणि मग नव्या पेट्या वाकलेल्या मापाला बसल्या असत्या. हे काम साडेतीन महिने चालले. यादीत त्याची ओळच नव्हती.

आता एक कबुली. झालेल्या खर्चातला निम्मा भाग गाडीने मागितला होता, हे मी कोणालाही हिशेबासकट दाखवू शकते. उरलेला निम्मा माझ्या तोंडून निघालेल्या एका वाक्याने मागितला. मिस्त्रींचे पालुपद ‘उघडल्यावर बघू’ होते, आणि माझे, ‘‘उघडलंच आहे तर…’’ इंजिन बाहेर आहेच तर त्याच्या खोलीला रंग मारून घेऊ. सीट काढलीच आहे तर रेक्झिन बदलू. बंपर सोडवलाच आहे तर क्रोम करून घेऊ. दारे उतरवलीच आहेत तर सगळ्या काचांची रबरे नवी घालू, आणि सगळी गाडी खरवडलीच आहे तर एकच बाजू कशाला रंगवायची? प्रत्येक वाक्य तर्काला धरून होते. मजुरी वाचत होती, हेही खरे होते. फक्त वाचलेल्या मजुरीची बेरीज मी करत होते आणि वाढलेल्या कामाची करत नव्हते. लग्नघरात ‘मांडव घातलाच आहे तर धाकट्याची मुंजही उरकून घेऊ’ म्हणणारा एक काका असतो. चौदा महिने तो काका मीच होते.

मिस्त्रींनी या बाबतीत मला एकदाच अडवले. स्टिअरिंगखालच्या गिअरच्या दांड्याला चांगला चार बोटे ढिलेपणा होता, आणि मी म्हटले की हेही आता नवे करून टाकू. ते खाली वाकून बराच वेळ बॅटरीच्या उजेडात ते सांधे हलवून बघत राहिले. मग म्हणाले, ‘‘नको. या दांड्या, ही बुशं आणि गिअरबॉक्सवरचा खटका, तिघं बरोबर झिजलेत. एकाला नवं केलं की बाकीचे दोघे त्याच्याशी भांडणार. तिघांना नवं करायचं तर तिघं कुठं मिळणार? डॉक्टरांच्या हातानं झिजलंय हे, चालतंय तोवर चालू द्या.’’ तेव्हापासून मी दुसरा गिअर टाकताना दांडा आधी जरासा आपल्याकडे ओढते आणि मग खाली नेते. अण्णा असेच करत. मला लहानपणी ती त्यांची लकब वाटे.

सुट्या भागांच्या शोधात पुणे-मुंबई किती झाले याची मोजदाद नाही. नाना पेठेतल्या जुन्या दुकानदारांकडे अजून कुठे तरी वरच्या फळीवर, कागदात गुंडाळलेले, तेल लावलेले नग निघतात. बुधवारी आणि रविवारी मंगळवार पेठेच्या जुन्या बाजारात एखादा हॉर्न, एखादे त्रिकोणी काचेचे बिजागर हाती लागते. बाकी सगळे कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, म्हणजे जिथे गाडी जन्मली त्याच उपनगरात, तिच्या भावंडांच्या सुट्या झालेल्या अवयवांच्या ढिगांत. तिथल्या एका दुकानदाराने मला एक गोष्ट सांगितली जी मला आधीच सुचायला हवी होती. पद्मिनीचे भाग इतकी वर्षे आणि इतके स्वस्त मिळत राहिले ते आमच्यासारख्या हौशी लोकांमुळे नव्हे. मुंबईच्या हजारो काळ्या-पिवळ्या टॅक्सी याच गाडीच्या होत्या आणि टॅक्सीवाला रोज गाडी चालवतो, रोज झिजवतो, रोज काहीतरी विकत घेतो. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती, आणि त्यामुळे ऑक्टोबर २०२३ संपता संपता ती रस्त्यावरून उतरली. त्यानंतर वॉटर पंपाचे किट बनवणाऱ्याने ते कोणासाठी बनवायचे? ‘‘दोन वर्षं लवकर यायला हवं होतं,’’ असे तो म्हणाला, आणि भाव सांगितला. मी घासाघीस केली नाही.

पेट्रोलचा प्रश्न अखेरीस आला. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि इथेनॉल पाणी ओढून घेते. शिवाय या गाडीतला पेट्रोल पंपाचा पडदा, कार्ब्युरेटरची सीले आणि नळ्या ज्या रबराच्या होत्या ते रबर या मिश्रणासाठी कधी केलेलेच नव्हते. ते फुगते, मऊ होते आणि मग तडकते. टाकी उतरवून धुतली, तळाला बसलेला तांबूस गाळ काढला, नळ्या आणि पडदा इथेनॉलला टिकेल अशा रबराचे घातले. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी ठेवायची, असे मिस्त्रींनी बजावले. वायरिंगही सगळे नवे केले. त्याबद्दल एवढेच की उजवा इंडिकेटर दिला की वायपर हलत असे, तो आता हलत नाही.

गाडी मिळाली ती मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी. मिस्त्रींनी मला ते मूळचे बिल परत दिले. पेन्सिलची पाच कामे अंधुक झाली होती आणि त्यांच्याभोवती, समासात, उभ्या-आडव्या, निळ्या आणि काळ्या शाईत कामे वाढत गेली होती. कागद संपल्यावर मागे दुसरा कागद टाचलेला, त्याला तिसरा. डेंटरचाचांनी पोस्टमनचा तो पत्रा फेकला नव्हता. नव्या तळाच्या आत, ड्रायव्हरच्या सीटखाली, जिथे तो काहीच काम करत नाही अशा जागी त्यांनी तो दोन स्क्रूंनी लावून दिला होता. मी सांगितले नव्हते.

पहिल्या रविवारी आईला घेऊन कात्रजच्या घाटाने निघाले. इंजिनाचा आवाज इतका सारखा आणि हलका होता की आई दोनदा म्हणाली, चालू आहे ना? बोगदा ओलांडून उतार लागल्यावर ताशी पन्नासच्या आसपास मला मागून एक बारीक, घुमणारा सूर ऐकू आला. अ‍ॅक्सिलरेटर सोडला की सूर बदले, दाबला की परत येई. तो आवाज नवा नसावा. जुन्या इंजिनाच्या आणि फाटक्या सायलेन्सरच्या गोंगाटात तो इतकी वर्षे झाकलेला होता, आणि आता पुढचे सगळे गप्प झाल्यावर मागचे ऐकू येऊ लागले होते. खेड-शिवापूरला चहाला थांबलो तेव्हा मी मिस्त्रींना फोन करून वर्णन सांगितले. ते म्हणाले, क्राउन-पिनियन, म्हणजे मागच्या आसातल्या दातेरी चाकांची जोडी, असेल. त्यांतला एक दात दुसऱ्याबरोबर घासून बसलेला असतो, म्हणून ते सुटे मिळत नाहीत, जोडीनेच बदलावे लागतात, आणि जोडी कुर्ल्याला मिळाली तर मिळेल.

‘‘येत्या रविवारी घेऊन या,’’ ते म्हणाले. ‘‘उघडल्यावर बघू.’’

मी म्हटले, रविवारी आमच्याकडे लग्न आहे. आईने चहाच्या कपावरून माझ्याकडे पाहिले. लग्न कोणाचे, असे तिने विचारले नाही. गाडीत बसल्यावर मी पुढची त्रिकोणी काच बाहेरच्या बाजूला वळवली; वारा आत शिरला, त्याची शीळ घुमू लागली, आणि मागचा तो सूर ऐकू येईनासा झाला.